एकोणिसाव्या दिवसाचे धुके

उजेड आधी रुळांवर यायचा. आकाश अजून राखेच्या रंगाचे असताना, पलीकडच्या गोदामांच्या पत्र्यांवर रात्रीचा ओलसर सावळेपणा रेंगाळत असताना, दोन रुळांच्या माथ्यांवर मात्र एक बारीक फिकट रेघ उमटायची, कोणी हलक्या हाताने खडू ओढावा तशी. मग ती रेघ पूर्वेकडून हळूहळू जाड होत यायची. खडीतला एकेक दगड आपापली सावली घेऊन शेजारच्यापासून वेगळा व्हायचा. तारेवरचा पक्षी आधी नुसता ठिपका असायचा. थोड्या वेळाने त्याला शेपटी फुटायची, मग चोच. सिग्नलच्या खांबाची लांबलचक सावली रस्त्यावर आडवी पडून राहायची आणि ऊन चढेल तशी, अंथरुणातून पाय ओढून घ्यावेत तशी, मागे सरकायची. सातच्या सुमारास ऊन पाटीवर पोहोचायचे. पाटीचा पिवळा रंग, तिची लाल कड, मधोमध काढलेले काळे वाफेचे इंजिन आणि त्याखालचे शब्द एकामागून एक उजळत जायचे: थांबा. दोन्हीकडे पाहा. मग जा.

हा उजेड त्याच्याइतका कोणालाच पाठ नव्हता, कारण तो लिहून ठेवणे हे त्याचे कामच होते. रस्ते खात्याच्या छापील तक्त्यात पहिला रकाना ‘दृश्यता’ असा होता. बाकीचे निरीक्षक तिथे डोळे झाकून ‘चांगली’ असे खरडत. तो मात्र लिहायचा, ‘स्वच्छ. ऊन रुळांच्या रेषेत. पूर्वेकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर येते.’ कार्यालयात त्यावरून त्याची टिंगल होई. पुढचे रकाने सरळ होते: वाहन थांबले, मंदावले, की तसेच गेले, चालकाने मान वळवली का, वळवली तर एकीकडे की दोन्हीकडे. सर्वांत शेवटी शेरा.

त्या जागी फाटक नव्हते. रस्ता रूळ ओलांडून पलीकडच्या गावात शिरायचा, आणि दिवसाकाठी चारच गाड्या जायच्या. त्याच्या सकाळच्या तीन तासांत तर एकच, आठ बाराची पॅसेंजर. वर्षभरापूर्वी एका ट्रॅक्टरची ट्रॉली तिच्यापुढे आली. चालकाने उडी मारली म्हणून वाचला, ट्रॉलीचा मात्र चुराडा झाला. तेव्हापासून फाटक बसवावे आणि ते लावायला एक माणूस नेमावा असा प्रस्ताव कार्यालयातल्या मॅडमच्या टेबलावर पडून होता. वरून निरोप आला की आधी नवी इशाऱ्याची पाटी लावून पाहा. पाटीने काम भागले, तर प्रस्ताव परत. भागले की नाही, हे ठरवायला चाळीस दिवस एका माणसाने तिथे बसून मोजायचे होते. तो माणूस हा. नोकरीतले त्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम होते.

पहिले बारा दिवस पाटी नव्हती. नारिंगी जाकीट घालून, पत्र्याच्या खोपट्यासमोर मोठी पिवळी छत्री उघडून तो उघड्यावर बसायचा, आणि शंभरांतली जेमतेम तेरा वाहने थांबायची. त्याला त्यांचा राग आला नाही. रोज जाणारा माणूस दोनशे वेळा मान वळवतो आणि दोनशे वेळा त्याला रिकामे रूळ दिसतात; दोनशे एकाव्या वेळी मान आपोआप सरळ राहते. त्यात उद्धटपणा नसतो, रुळांनीच त्याला ती सवय लावलेली असते. थांबायची ती परकी माणसे, ज्यांना तो रस्ता नवा होता.

तेराव्या दिवशी पाटी उभी राहिली, आणि चौदाव्या दिवसापासून गाड्या थांबू लागल्या.

शंभरांतल्या ऐंशी. मग चौऱ्याऐंशी. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सत्त्याऐंशी. मधल्या एकाच दिवसाची नोंद बाद झाली होती. एकोणिसाव्या दिवसाच्या शेऱ्यात ‘दाट धुके, नोंद ग्राह्य धरू नये’ असे लिहिले होते. बाकी सगळे आकडे शाळेत रांगेने उभ्या केलेल्या मुलांसारखे ताठ होते. आणि नुसते थांबणे नव्हे. चालक मान वळवत, आधी डावीकडे, मग उजवीकडे, सावकाश, कोणाला तरी दिसावी अशी. मग छत्रीकडे पाहून हात वर करत. दुधाच्या टँकरचा चालक तर काच खाली करून विचारायचा, “काय मास्तर, पास का नापास?”

“पास,” तो म्हणायचा, आणि कानाच्या पाळ्या तापायच्या.

वहीत खुणा करतो म्हणून त्याचे नाव मास्तर पडले होते. लहानपणापासून ज्या माणसाला लोकांच्या घोळक्यात आपले हात कुठे ठेवावेत हे कळत नसे, त्याला रोज सकाळी साठ-सत्तर माणसे हात करत होती. तोही हात करायचा, आधी खांद्यापर्यंत, नंतर डोक्याच्याही वर. संध्याकाळी खोलीत एकटा असताना तो त्या हातांची उजळणी करी. आपण चांगली पाटी लावली आणि लोक चांगले वागू लागले, इतके सरळ काहीतरी जगात घडू शकते, याचे त्याला मनोमन नवल वाटे.

तो ताईकडे राहायचा. ताई पलीकडच्या गावात औषधांच्या दुकानात कामाला होती आणि भाऊजी बेकरीची पाववाली गाडी चालवायचे, त्यामुळे रोज सकाळी दोघे त्याच गाडीतून रूळ ओलांडत. भाऊजी म्हणजे मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. घरात शिरले की आधी हसू शिरायचे आणि मग ते. जेवताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

“काय मास्तर, आज किती गाढवं वळणावर आली?”

“सत्त्याऐंशी टक्के थांबले, भाऊजी.”

“बघ. मी म्हणत नव्हतो? आमचे लोक वाईट नाहीत. त्यांना नीट सांगितलं की ऐकतात.”

“पाटीनं सांगितलं,” तो म्हणायचा.

“तेच ते. कुणी का सांगेना,” म्हणून भाऊजी ताटात मान घालायचे, आणि ताई उगाच भाताचे भांडे सारखे करायची.

चाळिसावा दिवस बुधवारी संपला. त्याने छत्री मिटली, खोपट्याला कुलूप लावले, आणि रात्री जेवताना सांगितले की मोजणी संपली, शुक्रवारी अहवाल द्यायचा. भाऊजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली, इतकी जोरात की त्याला ठसका लागला.

त्याने जे सांगितले नाही, ते मॅडमच्या टेबलावर दुपारी ठरले होते. मॅडमनी त्याचे तक्ते पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि विचारले, “लपून घेतलेली नोंद कुठाय?”

“मॅडम, ती गरज पडली नाही. पाटी लागायच्या आधी बारा दिवस मी तिथेच, तसाच उघड्यावर बसत होतो. तेव्हा मला बघून कोणी थांबलं नाही. म्हणजे फरक पडला तो पाटीमुळेच.”

“तर्क चांगला आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण अहवालाचं शेवटचं कलम तर्कानं भरत नाहीत. लोक पाटीला थांबतात की पाटीशेजारच्या माणसाला, हे वेगळं काढायचं असतं. उद्या सकाळी घे. घरीसुद्धा सांगू नकोस.” मग तक्ते एकत्र करताना सहज म्हणाल्या, “मी सही केली की फाटक दहा वर्षं तरी येत नाही. म्हणून विचारते.”

गुरुवारी तो साडेसहाला निघाला, जाकिटाशिवाय. रुळांच्या कडेला रुळांखालून काढलेल्या जुन्या लाकडी स्लीपरांची माणूसभर उंचीची रास होती. तिच्या मागे तो उकिडवा बसला. फटीतून रस्ता दिसायचा, पाटी दिसायची, कुलूप लावलेले खोपटे दिसायचे. लाकडाला जुन्या डांबराचा वास होता. चोरासारखे बसल्याची त्याला लाज वाटली; जणू मित्रांच्या घरात तो खिडकीतून डोकावत होता.

पाटीवर ऊन आले. पहिली आली ती मालाची छोटी गाडी; ती न थांबता गेली. त्याने खूण केली. दोन मोटारसायकली, तशाच. शाळेच्या शिक्षकांची मोटार, तीही तशीच. दुधाचा टँकर दूरवरून दिसला तेव्हा त्याला बरे वाटले, कारण हा थांबणार होता, हा तर रोज काच खाली करणारा. टँकर पाटीसमोरून गेला. चालक खोपट्याकडे एकदा पाहून घेतल्यावर पुन्हा समोर पाहू लागला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. त्याने मान वळवली होती ती फक्त छत्रीसाठी.

मग त्या एका गोष्टीनंतर सगळे स्पष्ट होत गेले. प्रत्येक जण आधी खोपट्याकडे पाही. कुलूप दिसले की पाय पुन्हा वेगावर. एकेचाळीस वाहने गेली. पाच थांबली, आणि त्यांतली तीन बाहेरगावची वाटत होती.

आठ वाजून अकरा मिनिटांनी रुळांत ती गुणगुण सुरू झाली, जी कानांपेक्षा तळपायांना आधी कळते. पूर्वेकडे ऊन नेमके रुळांच्या रेषेत होते. त्या पांढऱ्या झळाळीत इंजिन असूनही दिसत नव्हते. आणि रस्त्यावर पाववाली गाडी आली.

गाडीचा निळा रंग, मागच्या दाराची सैल कडी, तिचा तो ओळखीचा खडखडाट. भाऊजी एका हाताने स्टिअरिंग धरून काहीतरी सांगत होते. ताई समोरच्या छोट्या आरशात पाहून केस सारखे करत होती. त्याने उठून ओरडायला तोंड उघडले, आणि त्याच क्षणी गाडी रुळांवरून पलीकडे गेलीसुद्धा, किंचित उडी घेऊन, मागच्या रिकाम्या ट्रे वाजवत. वेग कमी झाला नव्हता. दोघांपैकी कोणीही पूर्वेकडे पाहिले नव्हते.

त्याच्या हातातले घड्याळ चालू होते. बावीस सेकंदांनी पॅसेंजर गेली. खिडक्यांतून माणसे बाहेर पाहत होती; एका लहान मुलीने त्याला हात केला. त्याने तिला हात केला नाही.

दुपारी चारला तो बेकरीच्या मागच्या आवारात गेला. भाऊजी रिकाम्या ट्रेंची चळत लावत होते. अंगभर पीठ, भुवयांवरसुद्धा.

“अरे ये, मास्तर. आज सुट्टी का?”

“भाऊजी, आज सकाळी तुम्ही थांबला नाहीत.”

“कुठे?”

“रुळांवर.”

भाऊजींनी ट्रे खाली ठेवला. “तू होतास होय? दिसला नाहीस.”

“दिसलो असतो तर?”

“तर थांबलो असतो की. हे काय विचारणं झालं?”

ते इतक्या साळसूदपणे म्हणाले की त्याला क्षणभर आपलेच काही चुकले असे वाटले. मग भाऊजींच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटले. त्यांनी हात पाठीमागे पुसले.

“हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. पाटी लागली त्या दिवशी जेवताना तू म्हणालास ना, गाड्या थांबल्या तर माझ्या कामाचं चीज होईल. मी म्हटलं, एवढंच ना? आपलं घरचं माणूस आहे. त्याच रात्री पंपावर गेलो आणि सगळ्यांना सांगितलं. टँकरवाला, मालवाले, ते शाळेचे मास्तर लोक, सगळ्यांना. म्हटलं, पोरगं नवीन आहे, बुजरं आहे. पिवळी छत्री दिसली की ब्रेक मारायचा, दोन्हीकडे मान फिरवायची आणि हात करायचा. तुमच्या बापाचं काय जातंय?”

“हातसुद्धा तुम्हीच करायला सांगितला?”

“तू खूश व्हायचास ना.” भाऊजी थांबले. “पण नंतर तर ते आपणहून करायला लागले, खरं सांगतो. तू आवडलास त्यांना.”

आवारातल्या नळातून थेंब पडत होता. त्याने नकळत ते मोजले.

“आणि पाटी?”

“कुठली पाटी?” भाऊजी म्हणाले, आणि मग त्यांना आठवले. “हां, ती. अरे, तिच्यावर वाफेचं इंजिन काढलंय. आम्ही पंपावर म्हणतो, ते इंजिन येईल तेव्हा थांबू.” ते हसले, पण त्यांचे हसू त्यांच्याजवळच राहिले.

“भाऊजी, सत्त्याऐंशी टक्के म्हटलं की आता फाटक येणार नाही.”

“म्हणजे?”

“पाटी पुरेशी आहे असं ठरतं. माणूस नको, फाटक नको.”

भाऊजींनी डोक्याला हात लावला, आणि कपाळावर पिठाची पाच बोटे उठली. “हे तू आम्हाला सांगितलं नाहीस.”

खरे होते. सांगितले असते, तर मोजणीवर परिणाम झाला असता.

ताईने मात्र त्याला जेवायला वाढेपर्यंत काही विचारले नाही. भाऊजी लवकर झोपायला गेले, म्हणजे आतल्या खोलीत जाऊन दिवा मालवून जागे राहिले. ताई त्याच्यासमोर बसली आणि टेबलावरचे मिठाचे भांडे इकडून तिकडे सरकवत राहिली.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“मीच त्यांना रोज आठवण करायचे. ‘अहो, थांबा, तो बघतोय.’” तिने मान वर केली. “तुझ्यावर हसायला नाही रे. तू लहान होतास तेव्हा गल्लीतल्या कोणी नुसती हाक मारली तरी दिवसभर उड्या मारायचास. इतक्या वर्षांनी तुला तसं पाहिलं. माझ्याच्यानं मोडवेना.”

भाऊजींवर तो रागावू शकत होता. त्यांनी अख्ख्या गावाला सांगितले होते, ते मोठे आणि उघडे होते. पण ताईने रोज पुढच्या सीटवरून हात केला होता, आणि त्याने तो रोज सगळ्यांच्या आधी मनात ठेवला होता. तोच हात आता त्याला कुठे ठेवावा हे कळेना.

“ताई, आज तुमच्यामागून बावीस सेकंदांनी गाडी गेली.”

तिचा हात मिठाच्या भांड्यावर थांबला.

“काच बंद होती,” शेवटी ती म्हणाली. “भोंगा ऐकू नाही आला.”

“तू आरशात बघत होतीस.”

“हो,” ती म्हणाली. मग उठून तिने त्याचे ताट उचलले, आणि पाठमोरी उभी राहून विचारले, “आता काय लिहिणार?”

“जे आहे ते.”

“तुझ्यावर काही येईल?”

“चाळीस दिवस फुकट गेले असं म्हणतील. पुढचं काम कदाचित दुसऱ्याला देतील.”

“मग तसंच लिही,” ताई म्हणाली. नळ सोडून तिने तो पुन्हा बंद केला. “एक विचारू? तू इतकं बारीक बघतोस. कोणत्या पक्ष्याला शेपटी कधी दिसायला लागते ते आम्हाला सांगतोस. तुला एकदाही संशय आला नाही?”

“नाही,” तो म्हणाला.

शुक्रवारी पहाटे तो टेबलाशी बसला. खिडकीतून उजेड आला, आधी चौकटीच्या कडेवर, मग कागदांवर. त्याने सगळे सावकाश लिहिले: उघड्यावर बसून घेतलेली नोंद, लपून घेतलेली नोंद, एकेचाळिसांतले पाच, ते बावीस सेकंद. चालकांना आधी सूचना मिळाली होती, असे त्याने लिहिले. कोणाकडून, ते लिहिले नाही. पाटीचा परिणाम रोजच्या चालकांवर जवळजवळ शून्य आहे, आणि फाटकाचा प्रस्ताव मागे घेऊ नये. वाक्ये सरळ होती. फसवल्या गेलेल्या माणसाला लिहिताना जी एक कडवट स्वच्छता येते, ती त्याच्या अक्षरात आली होती. आपल्याला सगळ्यांनी मिळून फसवले, आणि आपण मात्र कोणाला फसवले नाही, या जाणिवेत एक प्रकारची ऊबही होती. तिच्याशेजारी तो थोडा वेळ बसला.

मग परिशिष्टात जोडायला त्याने चाळीस तक्ते क्रमाने लावायला घेतले, आणि एकोणिसाव्यावर हात थांबला.

त्या दिवशी ताईने जाकीट धुवायला टाकले होते आणि छत्रीची काडी मोडली होती. वारा होता म्हणून तो खोपट्याच्या आडोशाला, दार ओढून, फटीतून मोजत बसला होता. चौऱ्याहत्तर वाहने. थांबली अकरा. त्या अकरांत पाववाली गाडी होती. तो आत बसला आहे, हे त्या गाडीतल्या दोघांनाच ठाऊक होते. दुधाचा टँकर त्या अकरांत नव्हता. त्याने त्या आकड्याकडे पाहिले होते, आणि चाळीस दिवसांतल्या कुठल्याही उजेडाकडे पाहिले नसेल इतका वेळ पाहिले होते. मग शेऱ्याच्या रकान्यात, नेहमीपेक्षा बारीक अक्षरात, त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नवी छत्री उघडली आणि सगळ्यांनी त्याला हात केले.

दृश्यतेचा रकाना त्या एका पानावर कोरा होता.

त्याने पेन उचलले. तारेवर त्या सकाळी दोन पक्षी होते, हे त्याला आठवत होते. त्यांच्या चोची पावणेसातलाच दिसू लागल्या होत्या.

त्या दिवशी धुके नव्हते.